गोष्टीच्या मागे मागे डोंगरात

सात-आठ वर्षांच्या मुलांना डोंगर फार आवडतो, असे जे म्हणतात त्यांनी त्या वयाचे एखादे मूल बरोबर घेऊन एकदा दोन तास चढ चढून पाहावा. मुलांना डोंगर आवडत नाही. त्यांना दगड आवडतो, ओढा आवडतो, बेडूक आवडतो आणि वाटेत सापडलेली काठी तर जिवापलीकडे आवडते. डोंगर हा मोठ्या माणसांचा शौक. 'वरून देखावा किती छान दिसतो!' हे आमिष मुलांपुढे टाकण्यात काही अर्थ नसतो. देखाव्याचे त्यांना कवडीचेही अप्रूप नसते. पहिल्या अर्ध्या तासातच 'बाबा, अजून किती राहिलं?' हा प्रश्न सुरू होतो, आणि माथ्यावर पोहोचेपर्यंत बाबांचा आवाजही चढलेला असतो.

स्वित्झर्लंडातल्या लोकांनी हे कोडे मोठ्या युक्तीने सोडवले आहे. त्यांनी डोंगरात गोष्टी पेरून ठेवल्या आहेत.

माझी धाकटी बहीण सुधा गेली दहा वर्षे झुरिचला असते. २०२३ च्या जूनमध्ये आम्ही उभयता आणि आमचा नऊ वर्षांचा नचिकेत असे तिघे तिच्याकडे गेलो होतो. नचिकेतची शाळा थोडी बुडाली. त्याचे त्याला यत्किंचितही दुःख झाले नाही. सुधाची मुलगी रेवा, वय वर्षे साडेसात, तिची शाळा मात्र चालू होती. त्यामुळे जे काही हिंडायचे ते शनिवारी-रविवारी. निघण्यापूर्वी आमच्या आईने मला बजावले होते, "डोंगर काय बघायचे ते बघ, पण त्या पोरीला मराठी बोलती करून ये. माझ्याच नातीशी बोलायला मला दुभाषा लागतो." हे काही अगदी खोटे नव्हते. रेवाला मराठी सगळे समजते. पण उत्तर येते ते जर्मनमध्ये, तेही तिथल्या बोलीतल्या, घशातून खाकरल्यासारख्या जर्मनमध्ये. फोनवर आजी विचारणार, "जेवलीस का?" आणि पलीकडून काहीतरी खाकरल्याचा आवाज येणार. मग सुधा मध्ये पडून अर्थ सांगणार. आता मी मराठीचा प्राध्यापक; तेव्हा हे काम माझ्याकडे येणार हे ओघानेच आले.

त्या देशात पायवाटांना केवढा मान आहे हे आधी सांगितले पाहिजे. झुरिच सरोवराच्या काठी मायलेन नावाचे गाव आहे. तिथल्या योहान याकोब एस नावाच्या शाळामास्तरांच्या पुढाकाराने १९३४ साली पायवाटांची देशव्यापी संघटना उभी राहिली. मोटारी वाढल्या, रस्त्यांवर धूळ उडू लागली, तेव्हा चालणाऱ्या माणसाने जावे तरी कुठून, हा त्या मास्तरांचा प्रश्न. पुढे १९७९ साली लोकांचे मत घेऊन पायवाटांचा विषय थेट राज्यघटनेत घालण्यात आला. आज त्या एवढ्याशा देशात सुमारे ६५,००० किलोमीटरच्या वाटा पाट्या लावून राखलेल्या आहेत. साधी वाट असेल तर पाटी पिवळी. डोंगरातली अवघड वाट असेल तर तिच्यावर पांढरा-तांबडा-पांढरा पट्टा. त्याहून बिकट, दोर-कुदळीची वाट असली तर पांढरा-निळा-पांढरा. मुलांना घेऊन निघालेल्या माणसाने पिवळ्या पाटीवर विश्वास ठेवावा आणि निळ्या पट्ट्याला लांबून नमस्कार करावा.

या पाट्यांवर अंतर नसते, वेळ असते. 'अमुक गाव, १ तास २० मिनिटे.' सपाटीवर ताशी ४.२ किलोमीटर असा त्यांचा हिशेब, त्यात चढउताराची भर घालतात. विसाव्याची मिनिटे मात्र कोणी धरत नाही. आमच्या नचिकेतला या पाट्यांचे विलक्षण वेड लागले. सरकारी वेळेपेक्षा आपण किती मागे पडलो हे तो दर पाटीशी जाहीर करी. त्या हिशेबात त्याच्या आईचे उसासेही तो जमेस धरी.

पण गोष्टींच्या वाटा हा याच्याही पुढचा प्रकार. त्यात निव्वळ बालप्रेम आहे असे मात्र कोणी समजू नये. डोंगरावर पाळणे आणि खुर्च्या चालवणाऱ्या कंपन्यांना हिवाळ्यात बर्फावर घसरणारी गिऱ्हाइके मिळतात. उन्हाळ्यात खुर्च्या रिकाम्या. त्यात कमी उंचीच्या डोंगरांवर बर्फाचा भरवसाही आता पहिल्यासारखा राहिला नाही. तेव्हा उन्हाळ्यात कुटुंबे यावीत म्हणून मुलांना बोलवा. मुले आली की आईबाप पाकीट घेऊन मागून येतातच. हा व्यवहार मला समजतो, आणि त्यातून मुले चार पावले चालत असतील तर त्याबद्दल माझी तक्रारही नाही.

पहिल्या रविवारी आम्ही मायेनफेल्डला गेलो. हे हायडीचे गाव. योहाना श्पीरी या बाईंनी १८८० आणि १८८१ मध्ये दोन भागांत ती गोष्ट लिहिली. आजोबांच्या झोपडीत राहणारी अनाथ मुलगी, तिचा शेळ्या राखणारा सवंगडी, आणि शहरात नेल्यावर डोंगराच्या आठवणीने झुरणारे तिचे मन. १९७४ साली जपानमधल्या इसाओ ताकाहाता यांनी तिच्यावर चित्रमालिका काढली आणि हायडी पार पूर्वेकडे पोहोचली. द्राक्षमळ्यांतून चढत जाणारी वाट सुरेख आहे. वर ११११ मीटरवर आजोबांचे कुरण आहे, खाली गावात हायडीचे घर 'जसेच्या तसे' सजवून ठेवलेले आहे. जी मुलगी कधी जन्मलीच नाही तिचा पलंग, तिचा पेला आणि तिच्या शेळ्या मी पाहिल्या. शेजारी दुकान आहेच. कथेतल्या झोपडीला तिकीट लावले की तिच्यातले काहीतरी उडून जाते, असे मला वाटले. मुलांना तसे काही वाटले नाही. त्यांना शेळ्या पुरल्या.

दुसऱ्या खेपेस हास्लीबेर्ग. खाली मायरिंगेन हे गाव. शेरलॉक होम्सला ज्या धबधब्यात लोटून कॉनन डॉईलसाहेबांनी १८९३ साली वाचकांना रडवले, तो राइखेनबाखचा धबधबा इथलाच. मला तिकडे जायचे होते, पण मताधिक्य बुटक्यांच्या बाजूने पडले. सुझाना श्मिड-गेरमान या लेखिकेने 'मुगेश्टुट्स' नावाच्या बुटक्याच्या गोष्टी लिहिल्या, आणि त्यांच्या आधाराने मेगीसाल्पपासून बिडमीपर्यंत उतरती वाट आखली आहे. पाळण्याने वर जायचे आणि रमतगमत खाली यायचे. वाटेत बुटक्यांची घरे, आत शिरायला इतके लहान दार की मोठ्या माणसाने नुसते वाकून पाहावे. चढायला, लोंबकळायला, लपायला जागोजाग काहीतरी. आणि खुबी अशी की पुढचे ठिकाण वळणापलीकडे असते, दिसत मात्र नाही. मुले पुढे धावत आणि आम्ही मागून येत असू. त्या दिवशी 'अजून किती राहिलं?' हा प्रश्न फक्त माझ्या पत्नीने विचारला.

वाटेत विस्तव करायला दगडी चुली बांधलेल्या असतात, बाजूला लाकडेही रचून ठेवलेली. आजूबाजूची कुटुंबे काठीला सॉसेज टोचून भाजत होती. सुधाने डबा उघडून थालीपिठे जाळीवर टाकली. भाजणीचा वास सुटताच शेजारच्या चुलीवरचे आजोबा चौकशीला आले, आणि ते खाण्याचे नाव काय, कशाचे करतात, हे सगळे त्यांना रेवाने सांगितले. आपल्या घरातली गोष्ट दुसऱ्याला समजावून सांगताना तिचा चेहरा मोठ्या बाईसारखा झाला होता.

तिसरी वाट गुआर्दाची. मला विचाराल तर तिच्यासाठी पहिल्या दोन्ही सोडाव्यात. झुरिचहून आगगाडीने लांडक्वार्ट, क्लोस्टर्स करत जायचे, मग १९ किलोमीटर लांबीच्या व्हेराइना बोगद्यातून पलीकडच्या एंगाडीन खोऱ्यात उतरायचे. नदीच्या वर, १६५३ मीटर उंचीवर, डोंगराच्या खांद्यावर हे गाव बसले आहे. जाड भिंतींची घरे, खोल गेलेल्या लहान खिडक्या आणि गिलाव्यावर कोरलेली नक्षी. दारांवर कोरलेली वचने एका वेगळ्याच भाषेत. तिचे नाव रोमान्श. देशाच्या चार भाषांतली ही सर्वांत धाकटी. ती बोलणारी माणसे साठ हजारांच्या घरात.

या गावात झेलिना च्योन्त्स नावाची लेखिका राहत असे. तिचा नवरा वास्तुविशारद. गुआर्दाची जुनी घरे सावरण्याच्या कामात त्याचा मोठा वाटा. १९४५ साली तिची गोष्ट चित्रकार अलोइस कारिजिएत यांच्या चित्रांसह प्रसिद्ध झाली. याच कारिजिएतना पुढे १९६६ साली, चित्रकारांसाठी ठेवलेले हान्स अँडरसन पारितोषिक पहिल्याच वर्षी मिळाले. गोष्ट उर्स्ली नावाच्या मुलाची. रोमान्शमध्ये त्याचे नाव उओर्सिन. मार्चच्या पहिल्या तारखेला या खोऱ्यातली मुले गाईंच्या गळ्यातल्या घंटा वाजवत गावभर फिरतात आणि हिवाळ्याला हाकलून लावतात. उर्स्लीच्या वाट्याला सगळ्यांत लहान घंटा येते. म्हणजे मिरवणुकीत शेपटाला चालायचे. त्याला आठवते, वरच्या उन्हाळी झोपडीत एक मोठी घंटा टांगलेली आहे. बर्फ तुडवत तो एकटाच वर जातो, घंटा मिळवतो आणि थकून तिथेच झोपतो. खाली आईबाप रात्रभर जागे. सकाळी पोरगा घंटेसकट परत येतो आणि मिरवणुकीच्या अग्रभागी चालतो. एवढीच गोष्ट.

तिचीच वाट गावातून निघून कुरणांतून, झाडीतून वर जाते आणि फिरून गावात येते. तीनेक किलोमीटर असेल. ठिकठिकाणी कथेतले प्रसंग मांडलेले आहेत. इथे तिकिटाचे काम नाही, आणि डोंगर कथेतला तोच आहे. सुधा मात्र जरा गप्पच होती. तिथली मुले बालवाडीपासून गळ्यात चमकणारा पट्टा घालून एकटी शाळेत चालत जातात. आईबापांनी पोचवायला येऊ नये अशीच शाळेची अपेक्षा. "पहिल्या महिन्यात मी रोज झाडाआडून तिच्या मागे जात होते," ती म्हणाली. "ही गोष्ट मुलाची म्हणून सांगतात. मला ती त्या रात्री जागणाऱ्या आईचीच वाटते."

मी म्हटले, "आपल्याकडे ही गोष्ट उलटी आहे." आणि चालता चालता मुलांना हिरकणीची कथा सांगितली. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, खाली पाळण्यातले तान्हे बाळ आणि रात्रीच्या चांदण्यात कडा उतरून गेलेली आई. रेवा थांबली. मग तिने मला जे विचारले ते मराठीत विचारले. भाषा बदलल्याचे तिच्या ध्यानातही आले नव्हते. "मामा, तिला खरचटलं का?"

"खूप."

थोडे पुढे एका पाटीपाशी तिने पुन्हा हात धरला. "हे वरचं कोण बोलतं?" मी रोमान्शबद्दल सांगितले. साठ हजार म्हणजे किती, हे तिला उमगेना. नचिकेतने क्रिकेटच्या मोठ्या मैदानाचा दाखला दिला. "आणि मराठी किती जण बोलतात?" म्हटले, २०११ च्या शिरगणतीत आठ कोटींहून जास्त. तिने बराच वेळ विचार केला. "एवढे लोक बोलतात, मग आई माझ्यावरच का ओरडते?"

सुधाने माझ्याकडे पाहिले. वर्गात असा प्रश्न आला असता तर मी त्याच्यावर पाऊण तास बोललो असतो. मी म्हटले, "त्या आठ कोटींत तुझ्या आजीची नात एकच आहे ना!" तिला ते पटले की नाही, कळले नाही. तेवढ्यात नचिकेतला काठी सापडली आणि ती तिकडे धावली.

रात्री पुण्याला फोन लागला. पुण्यात तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते, पण आई जागीच होती. रेवाने उर्स्लीची सबंध गोष्ट आजीला सांगितली. मराठीत, अडखळत, मधूनच जर्मन शब्दांची ठिगळे लावत. 'गाईची घंटा' म्हटल्यावर आजीने बैलांच्या घुंगुरमाळेची माहिती दिली. मुलगा सकाळी घरी आला इथपर्यंत आल्यावर आजीने विचारले, "मग आईनं एक धपाटा दिला की नाही त्याला?"

"नाही आजी," रेवा म्हणाली, "धपाटं नाही, चेस्टनट दिले. क्रीम घालून."

पुण्याकडून बराच वेळ नुसते हसणेच ऐकू येत होते. या वेळी दुभाषा लागला नाही.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. उंचावरच्या या वाटा बर्फ वितळल्यावर, जूनपासून ऑक्टोबरपर्यंत चालायच्या. पाळणे कधी सुरू, कधी बंद, हे आधी पाहून घ्यावे. वाटेतल्या वासरांना खाऊ घालायला मुलांना जाऊ देऊ नये. शेजारी त्यांची आई असते आणि तिला आपले कौतुक नसते. कुंपणाच्या तारेत वीज असते, हे मुलांना एकदा सांगून पुरत नाही, दोनदा सांगावे. पावसाळी अंगरखा ऊन असले तरी बरोबर हवाच.

सुधा नाताळच्या सुट्टीत मुलीला घेऊन इकडे आली, तेव्हा रेवाचा एकच हट्ट होता, हिरकणीचा बुरूज. दोर-पाळण्याची सोय असताना तिला पायऱ्यांनीच जायचे होते. पायथ्याशी तिने इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, "मामा, पिवळी पाटी कुठाय? वर जायला किती वेळ लागतो?" मी म्हटले, इथे पाटी नसते, उतरून येणाऱ्या माणसाला विचारायचे असते. तिने खरेच एका ताकवाल्या आजींना गाठून विचारले. आजी म्हणाल्या, "आलंच की गं बाय, ह्ये काय!" रेवाने नचिकेतकडे वळून विचारले, "आलंच म्हणजे किती मिनिटं?"

नचिकेत म्हणाला, "दोन तास."