टेबलाभोवतीचे हात

पुणे जिल्ह्यातल्या दौंड-शिरूरच्या मुलांना एमबीबीएससाठी पुण्याची वाट जुनीच. ससून रुग्णालयाशेजारी १८७८ साली बी. जे. मेडिकल स्कूल निघालं, १९४६ मध्ये त्याचं कॉलेज झालं. १९४९ मध्ये बॉम्बे अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट आला आणि बेवारस मृतदेह कॉलेजांना देण्याची कायदेशीर सोय झाली. डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या शिकल्या त्या अशा देहांवर, ज्यांना न्यायला कुणी आलं नव्हतं.

डिसेक्शन हॉलची रीत मात्र फारशी बदलली नाही. एकजण कनिंगहॅमचं डिसेक्शनचं पुस्तक मोठ्याने वाचतो, दुसऱ्याच्या हातात स्कॅल्पेल, तिसरा फोर्सेप्सने कातडी धरून उभा, उरलेले माना वाकवून. फॉर्मेलिनने डोळे चुरचुरतात. काख उघडली की चरबीतून ब्रॅकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचं जाळं, मोकळा करायचा. पुस्तकात मज्जातंतू पिवळा आणि धमनी लाल. इथे दोन्ही करडेच. मग वाद होतो. दाबून बघ, पोकळ लागली तर धमनी! मनगटाजवळचा पामॅरिस लाँगस हा स्नायू आपल्या टेबलावर सापडतो, शेजारच्या टेबलावर नसतोच. काहींना तो जन्मतःच नसतो. म्हणून मुलं टेबलं फिरतात. माझ्या मते गटाने शिकण्याचा खरा फायदा हाच. ट्रेमध्ये मांडलेलं तयार स्पेसिमेन कुणाशी वाद घालू देत नाही.

पण त्याच स्पेसिमेनचं महत्त्व वाढत गेलं. १९९७च्या नियमांनी एमबीबीएसचा दीड वर्षाचा पहिला टप्पा एका वर्षावर आणला, तसा डिसेक्शनला वेळ कमी उरला. सगळे थोडेच सर्जन होणार आहेत, असा युक्तिवाद होतो. पण सर्जन नसलेल्यालाही इंजेक्शन कुठे द्यायचं ते ठाऊक असावं लागतं.

२०१९ मध्ये दौंडच्या शेजारी, बारामतीत, सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रमही त्याच वर्षीचा. त्यात मृतदेह हा पहिला गुरू मानून आदराचा धडा आला. पण मार्च २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीने देशभरची पहिल्या वर्षाची मुलं या टेबलांपासून दूर, घरी बसवली. पुढची तुकडी २०२१च्या फेब्रुवारीत आली.

आता टेबलावर देहदानातून आलेले देहही असतात. मराठवाड्यात जन्मलेल्या समाजसेवक नानाजी देशमुखांचा देह २०१० मध्ये त्यांच्याच इच्छेने एम्सला दिला गेला. इच्छापत्र भरलं तरी घरच्यांची तयारी लागते, डॉक्टरचा दाखला लागतो आणि देह काही तासांत पोचवावा लागतो. दौंडकरांना त्यासाठी बारामती पुण्यापेक्षा जवळ पडते.