टाकी भरत नाही, हेच तर दुखणं आहे

"आमची संडासची टाकी वीस वर्षांत भरलीच नाही." भद्रावतीत हे वाक्य इतक्या घरांतून अभिमानाने ऐकलंय की आता चीड येते. पुढचंही ठरलेलं: वीज नाही, खर्च नाही, पर्यावरणाला याहून चांगलं काय?

अहो, टाकी वापरात आली की काही आठवड्यांतच भरते. मग जेवढं पाणी आत, तेवढंच बाहेर. तळाशी गाळ साचत जातो. तो वाढला की पाण्याला थांबायला जागा उरत नाही आणि मैला थेट नालीत जातो. तुमची टाकी रोज नालीत रिकामी होतेय. म्हणूनच केंद्राच्या सीपीएचईईओ या पाणीपुरवठा-सांडपाणी संस्थेची नियमपुस्तिका दर २ ते ३ वर्षांनी उपसा सांगते.

'वीज नाही म्हणजे झळ नाही', हेही साफ चूक. जीवनचक्र मूल्यांकन ही मोजपद्धत टाकीच्या विटा-सिमेंटपासून गाळ शेवटी कुठे पडतो तिथपर्यंतचा हिशेब मांडतं. शेजारच्या माजरीच्या खाणीतला कोळसा रोज बघणाऱ्या आपल्याला वीज म्हणजे धूर हे पटतं. टाकीत मैला सडून होणारा मिथेन वायू दिसत नाही म्हणून सुटतो. आयपीसीसीचे आकडे लावून बघा. माणशी रोज ३४ ग्रॅम बीओडी (मैल्यातल्या कुजणाऱ्या सेंद्रिय भागाचं माप), म्हणजे पाच जणांच्या घराचा वर्षाला सुमारे ६२ किलो. त्यातून सेप्टिक टाकीत साधारण १८ किलो मिथेन. तो कार्बन डायऑक्साइडच्या २७ पट तापवतो. म्हणजे जवळजवळ ५०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका. ग्रीडची ७०० युनिट वीज जाळल्यासारखंच हे.

उपसलेला गाळ नाल्यात ओतला तर हिशेब पुन्हा बिघडतो. साताऱ्याच्या वाईत २०१८ पासून ठरलेल्या पाळीने टाक्या उपसून गाळ प्रक्रिया केंद्रात नेतात. असं इथेही व्हायला हवं.

तोच गाळ शेतात टाकू, असंही म्हणाल; पण कच्चा गाळ म्हणजे खत नव्हे. त्यात जंतांची अंडी महिनोन्महिने जगतात. आणि जीवनचक्र मूल्यांकन म्हणजे फक्त कार्बनचा हिशेब नव्हे. तलावात शेवाळ माजवणारं नत्र-स्फुरदही त्यात मोजतात.

घरी एवढं करा. लांब काठीला खालून वरपर्यंत पांढरा कपडा गुंडाळा, टाकीच्या तळापर्यंत सोडा, थोडं थांबून वर काढा. गाळाचा काळा डाग पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशापर्यंत चढला असेल तर उपसा करणारी गाडी बोलवा. वाकून पाहू नका, जवळ बिडी-काडी नको. आणि आत माणूस उतरवू नका. सुरक्षा साधनांशिवाय उतरवणं हाताने मैला सफाईवर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या वायूंनी जीव जायला काही मिनिटं पुरतात.