संकोचाची किंमत

आगगाडीने मुंबईबाहेर पडताना रुळांलगतच्या भिंतींवर ‘गुप्तरोगां’वरील हमखास इलाजाच्या जाहिराती कोणी वाचल्या नसतील? लैंगिक सामर्थ्य वाढविण्याची ग्वाही देणाऱ्या औषधांच्या जाहिरातींस 1954 च्या कायद्याने बंदी आहे. तरीही भिंती बोलतात, कारण घरातील माणसे बोलत नाहीत. ज्या दुखण्याचा उच्चारही सुशिक्षित कुटुंबात होत नाही, ते भोंदूंच्या हाती जावे यात नवल ते काय?

वास्तविक या बाबतीत वैद्यकशास्त्र स्वस्थ बसलेले नाही. हृदयशूळावर उपयोगी पडेल या अपेक्षेने तपासल्या जात असलेल्या सिल्डेनाफिल या औषधाचा निराळाच गुण संशोधकांच्या ध्यानी आला आणि मार्च 1998 मध्ये अमेरिकेत पुरुषांच्या लिंगशैथिल्यावर त्यास मान्यता मिळाली. हे औषध इच्छा उत्पन्न करीत नाही. इच्छा जागृत झाल्यावर रक्तवाहिन्या सैल होण्याची जी स्वाभाविक क्रिया घडते, तिला ते साहाय्य करते. मात्र हृदयविकारासाठी नायट्रेट वर्गातील औषधे घेणाऱ्याने ते घेतल्यास रक्तदाब एकाएकी घसरून जिवावर बेतू शकते. शिवाय लिंगशैथिल्य ही कित्येकदा मधुमेहाची वा हृदयरोगाची पूर्वसूचना असते. दुकानातून गुपचूप गोळी आणणाऱ्या गृहस्थाचे लक्षण झाकले जाते. रोग मात्र आत वाढत राहतो.

स्त्रियांच्या वाट्यास तर याहून अधिक उपेक्षा आली. कामेच्छा मंदावल्याने व्यथित झालेल्या स्त्रियांसाठी फ्लिबॅन्सेरिन या गोळीस अमेरिकेत मान्यता मिळाली ती दोनदा नकार पचवून, 2015 साली. 2019 मध्ये ब्रेमेलॅनोटाइड हे टोचून घ्यावयाचे औषध आले. दोहोंचा गुण माफक. पहिल्याबरोबर मद्य घेतल्यास घेरी येण्याचा धोका, दुसऱ्याने अनेकींस मळमळ. स्त्रीच्या इच्छेत थकवा, चिंता, चालू असलेली अन्य औषधे आणि पतीची वागणूक यांचाही वाटा असतो. त्या साऱ्यांवर एक गोळी पुरी पडणार कशी? उलट रजोनिवृत्तीनंतरच्या कोरडेपणामुळे समागम वेदनामय होत असेल, तर त्या जागी लावावयाच्या इस्ट्रोजेनचा चांगला उपयोग होतो. परंतु ही वेदना सोसणाऱ्या किती भगिनी ती डॉक्टरांपाशी बोलून दाखवितात?

याच मुंबईत र. धों. कर्वे यांनी 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले आणि खटले सोसूनही या विषयाचे शास्त्रीय विवेचन सोडले नाही. त्यांनी मोकळी केलेली वाट आपण पुन्हा बुजू द्यावी काय? डॉक्टरांनी मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या रोग्यांस हा प्रश्न आपण होऊन विचारावा. पतिपत्नींनी एकमेकांस दोष न देता त्यांच्याकडे जोडीने जावे. शालीनता आम्हांसही प्रिय आहे. परंतु जी शालीनता रोग्यास वैद्यापासून दूर ठेवते, तिची किंमत फार मोठी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.