वऱ्हाडातून स्टॉकहोमला : आठ दिवसांच्या सहलीची आखणी

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर मुले-मुली परदेशी शिकायला जातात, याचे आता आपल्या समाजात नवल राहिलेले नाही. पण आई-वडिलांनी केवळ जग पाहण्यासाठी आठ दिवस बाहेर पडायचे म्हटले की, ‘ही चैन कशाला?’ हा प्रश्न घरातूनच येतो. कर्ज काढून प्रवास करू नये, याबाबत आमचेही दुमत नाही. मुलांचे शिक्षण आधी, हेही खरे. मात्र ज्यांच्या आजोबा-पणजोबांना गावाच्या पाणवठ्यावर जाण्याची बंदी होती, त्यांच्या नातवंडांनी जगाच्या राजधान्या मोकळेपणाने पाहाव्यात, यात चैनीपेक्षा शिक्षणच अधिक आहे.

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम आम्ही निवडली, त्याला एक खास कारण आहे. ते पुढे येईलच. आधी तयारी.

अमरावती-अकोल्याच्या शाळांना सुट्या लागतात उन्हाळ्यात. इकडे पारा पंचेचाळिशीकडे असतो, तेव्हा तिकडे दिवसा विशीच्या आसपास तापमान आणि रात्री दहापर्यंत उजेड. जूनचा पहिला पंधरवडा सर्वात चांगला. त्यानंतरच्या आठवड्यात त्यांचा मध्यग्रीष्माचा सण येतो व बरीच दुकाने बंद राहतात. दिवाळीच्या सुटीत जाल तर थंडी आणि लवकर पडणारा अंधार.

जूनमध्ये जायचे, तर आधीच्या दिवाळीलाच कामाला लागावे. पहिले काम पासपोर्टचे. विदर्भाचे पासपोर्ट कार्यालय नागपूरला आहे. अर्जापूर्वी शाळा सोडल्याचा दाखला, आधार व पॅन ही तिन्ही कागदपत्रे समोर ठेवून नावाचे स्पेलिंग, जन्मतारीख व आडनाव ताडून पाहावे. आपल्याकडे शाळेत गुरुजींनी लिहिलेली तारीख एक आणि आधारवरची दुसरी, असा प्रकार घरोघरी असतो. महिलांच्या बाबतीत माहेरचे व सासरचे नाव असा घोळही असतो. हे आधी दुरुस्त करा. शासकीय नोकरांनी कार्यालयाला कळवून परदेश प्रवासाची रजा मंजूर करून घ्यावी.

मग शेंगेन व्हिसा. हा एकच व्हिसा युरोपातल्या बहुतेक देशांत चालतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान पंधरा दिवस आधी तरी तो दाखल झालाच पाहिजे. जून २०२४ पासून प्रौढांचे शुल्क ९० युरो असून व्हिसा नाकारला तर ते परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा सक्तीचा आहे. पगारपत्रक, आयकर विवरण व बँकेचा उतारा जोडावा लागतो. अर्जाच्या आदल्या आठवड्यात नातेवाइकांकडून उसने घेऊन खाते फुगवू नका. अशा रकमेवर लगेच शंका येते. व्हिसा हाती येईपर्यंत पैसे परत न मिळणारे तिकीट काढू नये.

एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. वेळापत्रक जमले नाही, तर बडनेरा किंवा अकोल्याहून रात्रीची रेल्वे आहेच. मुंबईहून पुढे वाटेत विमान बदलावे लागते.

स्टॉकहोम चौदा बेटांवर वसलेले आहे. सात दिवसांचा प्रवास-पास घ्यावा. तो मेट्रो, बस, तसेच युरगोर्डन बेटाच्या होडीतही चालतो. मेट्रोची स्थानके चित्रे-शिल्पांनी सजवलेली आहेत. तीही सहलीचाच भाग समजा. चलन युरो नसून क्रोना आहे आणि बहुतेक व्यवहार कार्डाने होतात. बाहेरचे जेवण महाग. म्हणून स्वयंपाकघर असलेले वसतिगृह पाहावे. पोहे, चिवडा, ठेचा सोबत न्या. तूप, खव्याची मिठाई व मटणाचे पदार्थ मात्र युरोपात नेता येत नाहीत. नळाचे पाणी खुशाल प्यावे.

पहिला दिवस आराम आणि गामला स्तान या जुन्या शहरात फेरफटका. तेथेच नोबेल संग्रहालय आहे. १९९८ चे अर्थशास्त्राचे पारितोषिक मिळालेल्या अमर्त्य सेन यांनी संशोधनासाठी खेडोपाडी फिरवलेली सायकल त्यांनी या संग्रहालयाला दिली. मुलांना ती कथा अवश्य सांगा. दुसऱ्या दिवशी नगरभवन; १९२३ साली पूर्ण झालेल्या या लाल विटांच्या इमारतीत १० डिसेंबरला नोबेल मेजवानी होते. तिसऱ्या दिवशी वासा संग्रहालय. १६२८ साली पहिल्याच सफरीत बुडालेले प्रचंड लाकडी जहाज १९६१ मध्ये वर काढले, ते येथे उभे आहे. चौथा दिवस स्कान्सनचा. १८९१ साली सुरू झालेल्या या उघड्यावरच्या संग्रहालयात जुनी शेतघरे जशीच्या तशी आणून ठेवली आहेत. शेतकऱ्याच्या लेकरांना ती आवडतीलच. पाचवा दिवस होडीने बेटांसाठी, सहावा ड्रॉटनिंगहोल्म राजवाड्यासाठी.

सातवा दिवस राखून ठेवा इतिहास संग्रहालयाला. आमच्या निवडीचे खास कारण येथे आहे. शहराच्या पश्चिमेला मेलारेन सरोवरात हेल्गो नावाचे बेट आहे. तेथील उत्खननात १९५६ साली कमळावर बसलेली बुद्धाची कांस्यमूर्ती सापडली. उंची जेमतेम आठ सेंटिमीटरच्या वर. ती सहाव्या शतकात, भारतीय उपखंडाच्या वायव्येकडील स्वात-काश्मीर भागात घडवली गेली असे अभ्यासक मानतात. व्यापाऱ्यांच्या हातून हात बदलत ती हजारो मैल उत्तरेला पोचली असावी. जाण्यापूर्वी ती मांडणीत आहे ना, याची संग्रहालयाकडे खात्री करावी.

वर्ष लक्षात घ्या. त्याच १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. तिकडे बुद्ध मातीतून वर आले, इकडे माणसांच्या मनात. हा योगायोगच, परंतु आपल्या लेकराला त्या छोट्याशा मूर्तीसमोर उभे करून तो सांगता यावा, यासाठी दोन-तीन वर्षे दरमहा थोडी बचत करणे आम्हाला योग्य वाटते. दर महिन्याच्या पगारातून ‘प्रवास’ नावाचे वेगळे आवर्ती खाते आजच उघडा. पासपोर्टचा अर्जही मागे ठेवू नका.