घाम गेला, मीठ राहिलं

राजस्थानच्या वाळवंटात भर उन्हात गस्त घालणाऱ्या जवानाच्या एक लिटर घामातून साधारण १ ग्रॅम सोडियम, म्हणजे अडीच ग्रॅम मीठ निघून जाऊ शकतं. तिथं खारट खाणं खपून जातं. शरीर उन्हाला सरावलं की दहा-पंधरा दिवसांत घामातलं मीठही कमी होतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

खरी अडचण निवृत्तीनंतर सुरू होते. फौजी धाराशिव, भूम, परंड्याकडच्या आपल्या गावी परततो, परेड संपते, घाम थांबतो. जिभेची सवय तशीच राहते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा. आपल्या ताटात पिठलं, खडेमीठ घालून कुटलेला ठेचा, लोणच्याची फोड, तळलेला पापड आणि वर चिमूटभर कच्चं मीठ असतं. मर्यादा दुपारच्या जेवणातच संपते.

ठेच्यात लसूण आणि शेंगदाणे वाढवा, मीठ अर्ध्यावर आणा. भाकरीच्या पिठात मीठ नकोच. सैंधवही सोडियमच देतं. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं, म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच ते वापरावं.

भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या पोरांचं मीठ मात्र तोडू नका. त्यांना लिंबू-सरबत द्या. आणि घरातल्या माजी सैनिकाचा रक्तदाब याच आठवड्यात मोजून घ्या.