डेमलो संख्या आणि गायब होणारा शेवटचा १

हिंगोलीतून बोलतोय. आज एकच संख्या घेऊन बसलोय. लिहून घ्या: १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक. एकापासून नवापर्यंत चढते, तशीच उतरते. उलटी वाचली तरी तीच.

आता ही आली कुठून? नऊ वेळा एक लिहा, १११११११११, आणि तिला तिनेच गुणा. शाळेतला गुणाकार आठवा. तीच ओळ नऊ वेळा लिहायची, दरवेळी एक घर डावीकडे सरकवून. उजवीकडच्या पहिल्या घरात एकच १ येतो, दुसऱ्या घरात दोन, असं करत मधल्या घरात नऊ. मग पुन्हा एकेक कमी. बेरीज कुठेच नवाच्या वर जात नाही, म्हणून हातचा येत नाही. बस, एवढंच गुपित! अंकांची बेरीज ८१ का, तेही कळलं ना? नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक.

दहा एक घेऊन वर्ग करा. मधल्या घरात १० होतात, हातचा येतो आणि उत्तर निघतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डोंगराचा माथाच ढासळला.

या संख्यांचा नाद लागला होता आपल्या द. रा. कापरेकरांना. जन्म १९०५, डहाणू. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. ६१७४ मुळे ते जगाला माहीत झाले; १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं. या संख्यांची कल्पना त्यांना डोंबिवली स्टेशनवर सुचली. स्टेशनचं जुनं नाव डेमलो, म्हणून या 'डेमलो संख्या'.

आता माझ्या धंद्यातली गंमत. हाच गुणाकार ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टला सांगा. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२०. शेवटचा १ गेला! कारण तिथली साधी संख्या ६४ बिटांत बसवतात आणि नेमके अंक धरायला त्यातले ५३ च कामाला येतात. २ चा ५३ वा घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२. त्याच्या पुढे, दुप्पट होईपर्यंत, फक्त सम संख्या बसतात. आपली संख्या विषम, म्हणून शेजारच्या सम घरात ढकलली जाते. एक्सेल तर पंधराच अंक धरतं, पुढे सरळ शून्यं. पायथन मात्र बरोबर उत्तर देतं.

याचा आपल्याशी काय संबंध? समजा, वसमतच्या हळद उत्पादकांची यादी कोणी एक्सेलमध्ये भरली आणि खाते क्रमांक सोळा अंकी आहेत. सेल संख्येचा असेल तर प्रत्येकाचा शेवटचा अंक शून्य होणार, आणि मशीन चूं करणार नाही. मग पैसे अडकले की चकरा कोणाला? शेतकऱ्यालाच.

म्हणून साधा नियम: ज्या क्रमांकाची बेरीज-वजाबाकी करायची नाही, तो संख्या म्हणून भरायचाच नाही. आकडे टाकायच्या आधी सेल 'टेक्स्ट' करा. नंतर करून उपयोग नाही, गेलेला अंक परत येत नाही.

ऐकणाऱ्यांसाठी गृहपाठ: १२३४५६७९ ला ९ ने गुणा. यात ८ नाही, तरी काय येतं बघा. भेटू पुढच्या भागात!