नायटा : खाज थांबली म्हणजे रोग गेला नव्हे

पावसाळ्यात कपडे नीट वाळेनासे झाले की दवाखान्यात नायट्याचे रोगी वाढू लागतात. नायटा किंवा गजकर्ण रक्त बिघडल्याने होतो, अशी अनेकांची समजूत आहे. ती खरी नाही. त्वचा, केस व नखे यांतील केराटिन या द्रव्यावर जगणाऱ्या बुरशीमुळे हा रोग होतो.

लागण कशी होते?

रोग्याचा टॉवेल, कंगवा, अंथरूण व आतले कपडे वापरल्याने घरातील इतरांना लागण होते. कुत्री, मांजरे, वासरे यांच्यापासून आणि क्वचित मातीतूनही बुरशी येते. घाम व ओल मिळाली की ती फोफावते. मधुमेह्यांनी अधिक जपावे.

लक्षणे

जांघ, काख किंवा कमरेवर खाजरा, गोल चट्टा उठतो. त्याची कड लाल, उंचवट्याची व कोंडा सुटणारी असते. मधली त्वचा मात्र बरी दिसते. चट्टा कडेने पसरत जातो. लहान मुलांच्या डोक्यात झाल्यास तेथील केस तुटून टक्कल पडते. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत त्वचा पांढरी पडून सोलते. नखे जाड व ठिसूळ होतात.

उपचार

शंका असल्यास डॉक्टर चट्ट्याची खरवड सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. थोड्या जागेवरील नायट्याला क्लोट्रिमॅझोलसारखे बुरशीनाशक मलम पुरते. ते चट्ट्याबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावावे आणि चट्टा गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवावे. रोग पसरला असल्यास, किंवा डोक्यात व नखांत असल्यास, पोटात गोळ्या घ्याव्या लागतात. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. गरोदरपण किंवा यकृताचा आजार असल्यास तसे आधी सांगावे.

लाजेपोटी पुष्कळजण दुकानातून परस्पर मलम आणतात. त्यात स्टिरॉइड असल्यास दोन दिवसांत खाज थांबते, पण बुरशी आत वाढतच राहते. पुढे त्वचा पातळ होते, वळ पडतात आणि रोग ओळखणेही अवघड होते. नेहमीच्या औषधाला दाद न देणारी बुरशीही आता भारतात आढळते. 2020 साली तिला ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ हे नाव मिळाले. म्हणून अर्धवट उपचार टाळावेत.

एवढे करा

अंघोळीनंतर अंग कोरडे करा. सैल, सुती कपडे वापरा. ते गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. ऊन नसल्यास इस्त्री फिरवा. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा ठेवा. घरात दोघा-तिघांना खाज असेल तर सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत; नाहीतर एकाचा बरा होईतो दुसऱ्याचा पुन्हा त्याला लागतो.